जहाज सोडणारा वेन्झू

वेन्झू फारूजाची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. साल एकसष्ट. मी सतरा वर्षांची होते आणि पोर्ट हेन्शॉच्या जहाजाच्या यार्डात ट्रेसर म्हणून लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. आम्ही नऊ मुली उंच स्टुलांवर बसून इंजिनिअर लोकांची पेन्सिलीची ड्रॉइंग शाईनं कापडी कागदावर उतरवून काढायचो. एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मिस ट्रेलोअर, प्लेटशॉपमध्ये जा. तुमच्या ड्रॉइंगबद्दल एका कटरला काही बोलायचंय."

प्लेटशॉपमध्ये मुली जात नसत. आत पाऊल टाकलं आणि आवाजानं पहिल्यांदा कान बंद झाले. मग त्या गोंगाटातून एकच आवाज वेगळा कानावर आला. कोणी तरी जाड मांजरपाटाचं थान एका दमात फाडत आहे असा. काळा चष्मा लावलेला एक बुटका, रुंद माणूस दीड इंच जाडीच्या लोखंडी प्लेटवर ओणवा झाला होता. हातातल्या टॉर्चची निळी ज्योत प्लेटवर, आणि खालून ठिणग्यांचा नुसता धबधबा. त्यानं कड संपेपर्यंत मान वर केली नाही. मग ज्योत विझवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही रेघ तू काढलीस?"

"हो, मिस्टर फारूजा."

"मिस्टर म्हणू नकोस. आमच्याकडे मिस्टर लोक टाय घालतात." त्यानं जाड बोट ड्रॉइंगवर ठेवलं. "रेघ चांगली आहे. पण इथे ती दचकली आहे. बघ."

मी पाहिलं. जहाजाच्या मागच्या भागातल्या एका फासळीचा तो बाक होता. एका जागी, केसाच्या रुंदीनं, माझा हात हलला होता. साहेबांच्या भिंगाला ते दिसलं नव्हतं.

"तुम्ही हे कसं ओळखलंत?"

"माझा हात या रेघेवरून जाणार ना. हाताला कळतं." आणि मग हळूच म्हणाला, "तुझ्या साहेबाला मी काही बोललो नाही. म्हटलं, ड्रॉइंग समजत नाही, मुलीला पाठवा."

त्या दिवसापासून मी त्याला वेन्झू म्हणू लागले. अहो-जाहो मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही.

वेन्झू माल्टाचा. तिथल्या बंदरात, नौदलाच्या गोदीत, सोळाव्या वर्षी त्यानं टॉर्च हातात धरली. पन्नास साली तो आमच्याकडे आला, दोन वर्षांनी त्याची बायको जूझा आली. आमच्या गावात तेव्हा निम्मे लोक कुठून ना कुठून आलेले. स्कॉटिश, पोलिश, डच, युगोस्लाव्ह. आमच्यासारखी चार पिढ्या इथेच राहिलेली कॉर्निश घरं त्या मानानं थोडीच. लाल माती, खारट झुडपं, समोर आखाताचं सपाट पाणी. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की घरातल्या चादरींवरही लाल धूळ बसायची. जूझानं पहिल्या वर्षी नवऱ्याला विचारलं होतं म्हणे, "इथे देवानं रंग संपल्यावर काम केलं का रे?"

प्लेट कापायला घेण्याआधी वेन्झू तिच्यावर हातोडीनं दोनदा ठोकायचा. ठक ठक. मग थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, आणि मगच काडी ओढायचा. बाकीचे कटर त्याची टर उडवायचे. "आत कोण राहतं रे वेन्झू? दार उघडलं का?" तो नुसता हसायचा. ठोकण्यामागचं कारण मला जूझानं सांगितलं, फार पुढे. युद्धात बेचाळीस साली, बॉम्ब पडून धक्क्याला एक जहाज कलंडलं होतं. आतून ठोकण्याचा आवाज येत होता. वेन्झू एकवीस वर्षांचा होता. त्याला दोरानं खाली सोडलं. प्लेटच्या पलीकडे माणसं कुठे आहेत हे कळल्याशिवाय टॉर्च लावता येत नव्हती, कारण ज्योत आरपार जाते. म्हणून तो ठोकायचा, आतले ठोकायचे, आणि आवाज लांब गेला की तो थोडं कापायचा. चार माणसं बाहेर आली. ठोकणारे हात सुरुवातीला जास्त होते. एवढंच जूझा बोलली आणि तिनं विषय बदलला.

यार्डात त्याचं नाव होतं ते मात्र वेगळ्या कामासाठी. जहाज तयार झालं की उतारावर चरबी फासलेल्या लाकडांवर ते उभं असतं. आधाराचे ठोकळे एकेक करून काढतात आणि शेवटी त्याला धरून राहतात फक्त दोन लोखंडी पट्ट्या. पुढच्या टोकाखाली एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन इंच जाड. प्रत्येक पट्टीत ओळीनं भोकं पाडलेली, दोन भोकांमध्ये लोखंडाचा एक गाळा, असे बारा गाळे. शिट्टी झाली की दोन कटर दोन बाजूंनी एकाच वेळी गाळे कापायला लागतात. नऊ-दहा गाळे गेले की उरलेल्यांना भार पेलत नाही, ते तुटतात आणि जहाज निघतं. दोघं बरोबरीनं गेले पाहिजेत. एक बाजू आधी सुटली तर जहाज तिरपं सरकेल, उतारावरच अडकेल, किंवा त्याहून वाईट. आणि दोघांच्या मध्ये जहाजाचं अख्खं नाक. एकमेकांना दिसत नाही.

डावीकडे वेन्झू. उजवीकडे इनिस मॅकफेल.

इनिस स्कॉटलंडचा, क्लाइड नदीकाठचा. काठीसारखा उंच आणि जिभेनं तिखट. दोघांची जोडी चोपन्न सालापासूनची. मी एकदा विचारलं होतं, "दिसत नाही तर बरोबरीनं कसं कापता?"

"दिसायचं काय त्यात?" इनिस म्हणाला. "त्याच्या टॉर्चचा आवाज ऐकायचा. हा माल्टीज माणूस बोलताना थांबत नाही, पण कापताना सुरात कापतो."

"आणि हा," वेन्झू म्हणाला, "गाताना सूर सोडतो, म्हणून कापताना धरून ठेवतो."

दर रविवारी दोघं ससे मारायला जायचे. जूझा ते लाल वाइनमध्ये लसूण घालून तासन्‌तास शिजवायची. इनिसची बायको वारली होती. रविवारचं त्याचं जेवण फारूजांच्याच टेबलावर असायचं.

चौसष्ट साली यार्डात प्लेट कापायचं मशीन आलं. जर्मनीहून, अकरा खोक्यांत. लांबलचक रूळ, त्यावर सरकणारा पूल, पुलाला सहा टॉर्च. आणि एका बाजूला टेबल, ज्यावर आमचं ड्रॉइंग ठेवायचं, खऱ्या मापाच्या एक दशांश. वरून एक विजेचा डोळा त्या शाईच्या रेघेवरून चालत जायचा, आणि तिकडे टॉर्च दहापट मोठ्या मापात प्लेट कापायच्या. प्लेटवर खडूची आखणी नाही, टोच्यानं ठोकलेले टिपके नाहीत. चौदा कटरांचं आठवड्याचं काम ते मशीन दोन दिवसांत करायचं.

आम्हा मुलींचा भाव वधारला. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी, कुठे डाग नको, केस नको. आम्हाला नवे पेन मिळाले, खोलीला थंड हवेचं यंत्र बसलं. मला ते सगळं आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. पण डब्याच्या सुट्टीत वेन्झूच्या समोरून जाताना मी खाली बघून जायची.

मशीन आल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली. माझ्याच ड्रॉइंगवर, टेबलावर ठेवताना, एक माशी चिरडली गेली. रेघेला अगदी चिकटून. विजेचा डोळा रेघेवरून आला, माशीपाशी पोचला, आणि इमानेइतबारे माशीच्या कडेनं फिरून परत रेघेवर आला. तिकडे पाऊण इंची प्लेटला एक भलं मोठं टेंगूळ, आणि टेंगळाला पाय. वेन्झूनं तो तुकडा हातानं कापून वेगळा केला आणि चहाच्या शेडच्या दारावर टांगला. खाली खडूनं लिहिलं: "डोळा आहे. अक्कल पाठवून द्या."

साहेबसुद्धा हसले. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. किती कटर ठेवणार, किती काढणार, हे ठरत नव्हतं. तोवर आपल्यापैकी कुणी मशीनवर जायचं नाही, असं सगळ्या कटरांनी शेडमध्ये हात वर करून ठरवलं. वेन्झूनं हात वर केला, इनिसनंही केला. आणि पुढच्या सोमवारी इनिस मशीनच्या खुर्चीवर बसलेला दिसला.

वेन्झू चालत त्याच्यापर्यंत गेला. मी नवं ड्रॉइंग घेऊन तिथेच उभी होते.

"हात वर केलास तो कुणाचा होता?" वेन्झूनं विचारलं.

"माझाच."

"मग हे काय?"

"मला ही जागा हवी होती. घेतली." इनिस त्याच्याकडे न बघता म्हणाला.

"का पण?"

"का म्हणजे? बसून पगार मिळतो म्हणून. झालं समाधान?"

वेन्झूनं टोपी डोक्यावर घट्ट केली. "झालं," म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तीन वर्षं तो त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. इतर कटरही बोलत नव्हते. पण त्यांचं न बोलणं महिन्या-दोन महिन्यांत सैल झालं. वेन्झूचं नाही. जूझा रविवारी चार ताटं मांडायची सवय सोडून तीन मांडू लागली. तिसरं माझं. आई गेल्यापासून मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले होते.

"तू तरी बोल त्याच्याशी," ती नवऱ्याला म्हणायची. "माणूस एकटा डबे फोडून खातो तिकडे."

"डबे फोडायलाही मशीन घे म्हणावं."

मात्र या तीन वर्षांत पाच जहाजं पाण्यात गेली, आणि पाचही वेळा डावीकडे वेन्झू आणि उजवीकडे इनिस. यार्डानं दुसरी जोडी लावून बघण्याची जोखीम घेतली नाही. दोघं शिट्टीच्या आधी पाच मिनिटं वेगवेगळ्या वाटांनी यायचे, कापायचे, वेगवेगळ्या वाटांनी जायचे. जहाजं सरळ गेली.

मग सदुसष्टचा सप्टेंबर. यार्डानं तोवर बांधलेलं सर्वांत मोठं जहाज, खनिज वाहणारं. सगळं गाव आलं होतं. शाळेला सुट्टी, बँड, पत्र्यांवर चढून बसलेले लोक. वर व्यासपीठावर अॅडलेडहून आलेल्या एक बाई, हातात फितीनं बांधलेली बाटली. मुकादम रेज पेनीही त्यांच्या शेजारी, इशारा द्यायला. मी साहेबांच्या विनवण्या करून खाली, वेन्झूच्या बाजूला, वीस पावलांवर उभं राहायची परवानगी मिळवली होती. पट्ट्यांची ड्रॉइंग माझी होती. मला त्या कापल्या जाताना बघायच्या होत्या.

शिट्टी झाली. वेन्झूनं ठक ठक केलं, टॉर्च पेटवली. पहिला गाळा, दुसरा, तिसरा. तापून नारिंगी झालेल्या जागेवर तो ऑक्सिजनची कळ दाबायचा, ज्योतीचा सूर बदलायचा, आणि लोखंड पाण्यासारखं खाली वाहायचं. पलीकडून तोच सूर. बँड वाजत असूनही तो ऐकू यायचा. सहावा गेला. सातवा. आठवा सुटला आणि वेन्झूनं एकदम कळ सोडली.

मला काही कळलं नाही. त्याची टॉर्च ठीक होती. तो मान तिरकी करून उभा होता. मग माझ्या लक्षात आलं. पलीकडचा आवाज बंद झाला होता. त्याच्या जागी खोकला ऐकू येत होता. साधा खोकला नव्हे. माणूस आतून उसवतो आहे असा.

वरून पेनी ओरडला, "फारूजा! कापत राहा! कुणी थांबायला सांगितलं?"

वेन्झूनं ऐकलंच नाही. जहाज आता डाव्या बाजूला चार गाळ्यांवर आणि उजव्या बाजूला त्याहून जास्त गाळ्यांवर उभं होतं. लाकडांतून कुरकुर येऊ लागली. पट्टीवर तापलेल्या जागी बारीक टिकटिक होत होती. आणि वेन्झूनं, ज्यानं तीन वर्षं त्या माणसाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, जोरात हाक मारली.

"इनिस!"

खोकला.

"इनिस, लेका, किती राहिलेत?"

थोड्या वेळानं आवाज आला, फाटका. "सहा."

"माझे चार. मी थांबलोय. दम घे."

"फारूजा!" वरून परत. "बाई बाटली धरून उभ्या आहेत!"

वेन्झू वर बघून गरजला, "त्यांना बसायला खुर्ची द्या! जहाज वाकडं जायला हवं असेल तर तुम्ही खाली येऊन कापा!"

बँडवाल्यांना काही समजत नव्हतं, ते आपले वाजवत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी माझी टोपी चुरगाळून टाकली होती. पलीकडून काडीचा आवाज, टॉर्चचा 'फट्' आवाज आला आणि विझला. परत फट्. मग तो सूर लागला.

"सावकाश," वेन्झू ओरडून सांगत होता. "तापू दे नीट. घाई नको. कुठे जायचंय तुला?"

"गप्प बस ना जरा!" इनिस पलीकडून. "तीन वर्षं बरा होतास!"

वेन्झूच्या चेहऱ्यावर काळ्या चष्म्याखाली हसू फुटलेलं मी पाहिलं.

"पाच राहिले," पलीकडून. आणि खूप वेळानं, "चार."

"मग चल. बरोबर."

दोन सूर पुन्हा एकत्र लागले. नववा गाळा गेला. दहावा अर्ध्यावर असताना तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. डावी-उजवी पट्टी एका क्षणात तुटली, वेन्झूनं मागे उडी मारली, आणि ती भिंत, जी वर्षभर आमच्या आकाशात उभी होती, हलायला लागली. आधी इतकी हळू की डोळ्यांवर विश्वास बसेना. मग चरबीचा धूर, साखळदंडांचा गडगडाट, लोकांचा ओरडा, आणि आखाताचं पाणी दोन्हीकडे उसळलेलं. सरळ. दोरीत आखल्यासारखं सरळ गेलं ते.

मी जहाजाकडे बघायला आले होते, पण पाहिलं दुसरंच काही. जहाज निघून गेल्यावर तिथे एकदम उजेड पडला. मधली ती अजस्र गोष्ट नाहीशी झाली होती, आणि त्या रिकाम्या उताराच्या दोन कडांना दोन माणसं टॉर्च हातात घेऊन एकमेकांसमोर उभी होती. इनिस गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. वेन्झू उतार ओलांडून गेला, चरबीत घसरत घसरत. मी मागून.

"कधीपासून आहे हे?" त्यानं विचारलं.

"चौसष्टपासून," इनिस म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलं, धुरापासून लांब राहा. मशीनवर माणूस टॉर्चपासून दहा पावलं लांब बसतो."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं, गाढवा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी माझी कीव केली असती. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. माणूस ताठ राहतो."

 वेन्झूनं खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला. "तोंड पूस. काळं झालंय. आणि रविवारी ये. जूझानं विचारलं तर सांग, वाट चुकलो होतो."

तो रविवार मला अजून दिसतो. जूझानं दार उघडलं, इनिसला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता कपाटातून चौथं ताट काढलं. तिची पाठ आमच्याकडे होती. ताट पुसायला तिला फार वेळ लागला.

यार्डानं त्या दिवसाबद्दल वेन्झूला समज दिली आणि दुसऱ्या महिन्यात त्याचंच नाव जहाजाच्या नाकाखालच्या कामाचा प्रमुख म्हणून लावलं. इनिसला आणखी सहा वर्षं मिळाली. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तो गेला. शेवटचे काही महिने तो फारूजांच्या मागच्या खोलीतच राहत होता. त्याच्यानंतर उजव्या बाजूला एक पोलिश कटर उभा राहू लागला. चांगला होता. वेन्झू त्याच्याबद्दल कधी वावगं बोलला नाही. पण जहाज सोडल्यावर तो उतार ओलांडून पलीकडे जात नसे.

पंच्याहत्तर साली माझी पाळी आली. नवं मशीन आलं, प्लाझ्माचं. त्याला ज्योत नव्हती, एक पांढरी निळी धार होती, विजेनं पेटवलेल्या वायूची, सूर्याकडे बघितल्यासारखी डोळ्यांत घुसणारी. आणि त्याला ड्रॉइंगही लागत नव्हतं. भोकं पाडलेली कागदी फीत घातली की झालं. आमच्या नऊ स्टुलांपैकी सात उचलून नेली. मला फायली लावायचं काम दिलं. माझे पेन मी रुमालात गुंडाळून घरी आणले त्या संध्याकाळी वेन्झू दाराशी आला. हातात झाकलेलं भांडं.

"जूझानं ससा पाठवलाय."

"आज रविवार नाही, वेन्झू."

"माहीत आहे." तो पायरीवर बसला. "तुला सांगू? ते मशीन आलं तेव्हा मी तुझ्यावर रागावलो होतो. म्हटलं, या पोरीच्या रेघेनं माझा हात खाल्ला. मग एक दिवस त्या मशीननं कापलेली कड मी बोटानं तपासली. तुझी रेघ त्यात होती. न दचकता गेलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान ओळखीच्या हातानं खाल्ला."

मी रडले. त्यानं भांडं माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, "खाऊन घे. गार झालेला ससा चामड्यासारखा लागतो."

अठ्ठ्याहत्तर साली यार्ड बंद झालं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि मला ती सांगावीशी वाटत नाही. घरांच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. दर शनिवारी कुणाची तरी गाडी सामान लादून पर्थच्या किंवा अॅडलेडच्या रस्त्याला लागायची. वर्षभरानं बाहेरचा एक कंत्राटदार मोठ्या क्रेन कापून भंगारात न्यायला आला. त्याला स्थानिक कटर हवे होते. कुणी जायला तयार होईना. वेन्झू गेला.

लोकांनी त्याला तोंडावर विचारलं. माझ्या भावानं तर दारूच्या दुकानात सुनावलं, "लाज नाही वाटत? ज्या क्रेननं पोट भरलं तिचेच पाय कापतोस?"

"तिचे पाय कुणी तरी कापणारच आहे," वेन्झू म्हणाला. "ज्याला ती कुठे जड आहे आणि कुठे हलकी हे माहीत नाही, त्यानं कापावेत का? तिची एक बाजू चुकून तुमच्या घरांवर पडली तर?"

त्या कामात तो एक नवी गोष्ट शिकला. अठ्ठावन्नाव्या वर्षी. क्रेन ज्या खुंटीवर फिरायची ती खुंटी फूटभर जाडीची, भरीव पोलाद. टॉर्च तिथे हरायची. कंत्राटदारानं लांब लोखंडी नळ्या आणल्या होत्या, आत तारा भरलेल्या. एका टोकाला ऑक्सिजन जोडायचा, दुसरं टोक पेटवायचं. नळी स्वतः जळते आणि जळता जळता समोरचं पोलाद वितळवत आत शिरते. वेन्झू मला ते सांगायला संध्याकाळी आला तेव्हा भुवया जळालेल्या होत्या आणि डोळे चमकत होते.

"उना, लोण्यात सुरी गेल्यासारखी जाते ग! फूटभर पोलाद! एका भोकाला तीन नळ्या लागतात, पण जाते!" मग हाताकडे बघत म्हणाला, "इनिसला दाखवायला पाहिजे होतं. म्हणाला असता, धूर कमी आहे का ते बघ आधी."

क्रेन पडली त्या दुपारी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन टेकडीवर बसले होते. वेन्झूनं तीन वेळा माणूस पाठवून सगळ्यांना मागे सरकवलं. मग ती हळूच गुडघ्यात वाकली आणि पाण्याच्या बाजूला, मोकळ्या जागेत, त्यानं खडूनं आखलेल्या चौकोनात आडवी झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या भावानं डोक्यावरची टोपी काढली. वेन्झू घरी गेला, आणि जूझा सांगते, कामाच्या कपड्यांतच, जमिनीवर, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला.

एक्याऐंशी साली दोघं माल्टाला जाऊन आली. तीन महिन्यांसाठी गेलेली माणसं पाच आठवड्यांत परत. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," वेन्झू म्हणाला. "तिथे सगळं फार जवळजवळ आहे. हात पसरला की कुणाच्या तरी भिंतीला लागतो."

तो ब्याण्णव साली गेला. अंथरूण धरलं नाही, अंजिराच्या झाडाखाली बसल्या बसल्या गेला. चर्चमध्ये मागच्या रांगांत म्हातारे कटर बसले होते. त्यांच्या हातांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. ते हात एका ओळीत बाकाच्या कडेवर टेकलेले मी पाहिले आणि मला वाटलं, हे हात गेले की ही जहाजं कुणी केली हे ओळखायची काही खूण राहणार नाही.

जूझा अजून आहे. ब्याण्णव वर्षांची. मागच्या भिंतीला तिनं माल्टाहून आणलेलं केपरचं काटेरी झुडूप लावलं होतं. आमच्या उन्हात आणि कोरड्या मातीत ते असं माजलं की आता शेजारच्यांच्या भिंतीवरही गेलंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी तिच्याकडे कळ्या खुडायला जाते. खारवून ठेवायच्या. गेल्या वर्षी खुडून झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं पाव काढला, टोमॅटो चोळला, तेल घातलं, वर कळ्या. पाव कापताना सुरी तिरकी गेली आणि काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखा झाला. ती हसायला लागली.

"हे त्याचं," म्हणाली. "घरात पाव तोच कापायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि एकही काप कधी सरळ नाही. चाळीस वर्षं! मी म्हणायची, अरे, तुला सगळं यार्ड जहाज सोडायला बोलावतं आणि तुला पाव येत नाही? तर म्हणायचा, पावाच्या पलीकडून कापायला कुणी नाही ना."

तिनं जाड बाजू माझ्याकडे करून ताटली पुढे सरकवली, आणि आम्ही खायला लागलो.